शनिवारचं तेल

३ ऑगस्ट १९८७, सोमवार

नागपूरचं सात दिवसांचं ट्रेनिंग काल संपलं. सर्टिफिकेट मिळालं. त्यावर विमलबाईच्या ऐवजी विमलबाबू छापलंय, पण शिक्का खरा आहे.

तिथले सर म्हणाले, दुकान म्हणजे माल नव्हे, दुकान म्हणजे माहिती. माहिती वेळेवर हलली की माल आपोआप हलतो. मी वहीत उतरवून घेतलं. शेजारच्या बाई झोपल्या होत्या.

आजपासून ही रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. पुढे-मागे कोणाला आपल्या भांडाराचा इतिहास लिहायचा झालाच तर उपयोगी पडेल, तो भाग वेगळा.

सुहासिनी महिला ग्राहक भांडार, पुलगाव. सभासद घरं १४०. पगारी माणसं दोन: व्यवस्थापिका म्हणून मी, आणि काउंटरवर मनकर्णाबाई. हातगाडीचा प्रेमदास खेपेवर.

योजना अशी. बायकांनी दुकानात यायचंच नाही. प्रत्येक घरी फॉर्म. प्रत्येक वस्तूला कोड नंबर. बुधवारी फॉर्म गोळा, गुरुवारी वर्ध्याला वासुदेवरावांच्या कम्प्युटर सेंटरवर, शुक्रवारी पंचिंग म्हणजे आकडे मशीनमध्ये भरणं, शनिवारी सकाळी घरोघरच्या याद्या छापून तयार. त्याच दिवशी प्रेमदास माल पोचवणार. घरबसल्या खरेदी. विदर्भात पहिलीच असावी. चौकशी केलेली नाही, पण असावी.

संकल्प: सहा आठवड्यांत संपूर्ण यशस्वी.

५ ऑगस्ट, बुधवार

फॉर्म आले. गुलाबी. कोड १ ते ११८.

मनकर्णाबाईंना पद्धत समजावली. त्या चौथी शिकलेल्या, म्हणून हळूहळू सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, ताई, बाकी सारं झ्याक आहे, पन शनवारचं तेल कोन घेईन? अन मीठ?

मी म्हटलं, का नाही घेणार?

म्हणाल्या, आपल्या इथं शनवारी तेल-मीठ घरात आनत नाईत. तुमाले मालूम नाई?

मला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. पण हे १९८७ आहे. शनिवारी वासुदेवरावांचं मशीन रिकामं असतं आणि दर निम्मा आहे. यंत्राला वार नसतो, असं मी त्यांना सांगितलं. वाक्य चांगलं जमलं. त्या गुळाची ढेप फोडत होत्या, लक्ष होतं की नाही कळलं नाही.

आमच्या घरचं तेल शुक्रवारीच येतं. पण ते ह्यांना मिलमधून शुक्रवारी अर्धा तास लवकर सुटता येतं म्हणून. त्याचा याच्याशी संबंध नाही.

७ ऑगस्ट, शुक्रवार

अध्यक्ष सीताबाईंकडे गेले. योजना आवडली. म्हणाल्या, पण मशीनचाही खर्च आणि दोन पगारही, हे समितीत नाही चालायचं विमल. मशीन चाललं तर एक पगार कमी करावा लागेल.

एक पगार म्हणजे मनकर्णाबाईंचा, हे उघड आहे. व्यवस्थापिका कमी करून व्यवस्था कशी होईल. वाईट वाटलं. चौदा वर्षं झाली त्यांना. नवरा गेल्यापासून घर त्यांच्यावर. एक मुलगी द्यायची राहिली आहे. परत येताना वाटेत ठरवलं की निरोप समारंभ मी स्वतः चांगला करीन. मन एकदम हलकं झालं.

अजून काही नक्की नाही, म्हणून त्यांना सांगितलं नाही.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते. माझं टेबल दाराशी आहे. येणारी प्रत्येक बाई आधी माझ्यासमोरून जाते. अकरा वर्षांत एकही थांबलेली नाही. सरळ काउंटरवर जातात आणि म्हणतात, मनकर्णाबाई, दे वो नेहमीचं. हे पद्धतशीर दुकानाचं लक्षण नाही, एवढंच म्हणायचं आहे.

१२ ऑगस्ट, बुधवार

फॉर्म परत आले. उत्साह दांडगा, १४० पैकी १३७.

भरण्यात किरकोळ त्रुटी. साठ-पासष्ट फॉर्मांवर नुसतं 'मागच्यासारखं'. एकावर 'कमलाच्या घरी देता तेवढंच, पण साखर कमी'. कमलाच्या फॉर्मवर 'मनकर्णाबाईले मालूम'. काहींनी कोडच्या रकान्यात किलो आणि किलोच्या रकान्यात कोड लिहिला आहे.

मनकर्णाबाई म्हणाल्या, आना इकडं, मी सांगतो कोनाचं काय ते. नको म्हटलं. पद्धतीत माणसाचा हात लागला की पद्धत बिघडते. ट्रेनिंगमध्ये खास सांगितलं होतं. मीच अंदाजाने भरून टाकले, न आलेले तीनही.

१५ ऑगस्ट, शनिवार

झेंडावंदन करून पॅसेंजरने वर्धा. वासुदेवरावांनी सुटी असूनही सेंटर उघडलं. मशीनच्या आवाजाने अंगावर काटा आला. कागद सरसर बाहेर येतो, दोन्ही कडांना भोकं, प्रत्येक घराचं नाव इंग्रजीत. मनकर्णाबाईंच्या डोक्यात जे चौदा वर्षं होतं ते आज कागदावर आलं.

वासुदेवरावांनी एक यादी बाजूला काढली. म्हणाले, बाई, या घरी सतरा झाडू? मी म्हटलं, मोठं घर असेल. म्हणाले, मशीन तर जे टाकलं ते छापते, मले काय.

रात्री ८. प्रेमदास परतला. तेलाचं पिंप जवळजवळ जसं गेलं तसं आलं. मिठाच्या पिशव्याही. ११९ घरांनी तेल-मीठ घेतलं नाही. २१ घरांनी घेतलं. झाडूवाल्या घरी भांडण झालं.

२१ हा आकडा पहिल्या आठवड्यासाठी चांगला आहे.

१७ ऑगस्ट, सोमवार

घेतलेली २१ घरं कोणती ते पाहिलं. सगळी भीमनगरची. म्हणजे प्रबोधन एका वस्तीत पोचलं आहे. कोणत्या मार्गाने पोचलं ते पाहायला स्वतः गेले.

तानाबाई रेल्वेच्या क्वार्टरमधून नुकत्याच तिथे राहायला आल्या आहेत. त्यांना विचारलं, फॉर्मसोबत पाठवलेलं माझं पत्रक वाचलं का. म्हणाल्या, कोनतं पत्रक? मग हसल्या. म्हणाल्या, ताई, शनवार-बिनवार आमच्या सासऱ्यानं छप्पन सालीच सोडून देल्ला. तुमी आज आल्या शिकवाले. चाय घ्या.

चहा घेतला. म्हणजे आमच्या भांडाराच्या विचारांना इथे आधीपासूनच अनुकूल जमीन होती. उरलेल्या ११९ साठी व्याख्यान ठेवते.

१९ ऑगस्ट, बुधवार

व्याख्यान. विषय: वार, वस्तू आणि विज्ञान. हजर नऊ, त्यात मनकर्णाबाई आणि झाडायला आलेली बाई. कोड कसा लिहायचा तेही फळ्यावर दाखवलं.

शेवटी कमलाने विचारलं, तुमच्या घरी शनवारी तेल येते का? मी सांगितलं की हा प्रश्न व्यक्तिगत आहे.

संध्याकाळी मनकर्णाबाई टेबलाशी आल्या. म्हणाल्या, ताई, मी म्हनतो, तेल-मीठ मी शुक्रवारीच टाकून येऊ का घरोघरी? तुमची यादी शनवारी येऊ द्या तिच्या मनानं. मी समजावलं की यादीच्या आधी माल गेला तर यादीला अर्थ काय. बरं म्हणाल्या.

समजूतदार आहेत. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

२० ऑगस्ट, गुरुवार

तोडगा सापडला. बिलावरची तारीख. वासुदेवरावांना म्हटलं, छपाई शनिवारची, पण तारीख शुक्रवारची टाका. म्हणजे कागदोपत्री व्यवहार शुक्रवारी झाला. त्यांनी आधी कॅलेंडरकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे. मग म्हणाले, तुमी म्हनान ते टाकतो बाई, मशीनले कोनता वार अन कोनती तारीख.

इतका सोपा उपाय कोणालाच कसा सुचला नाही.

२२ ऑगस्ट, शनिवार

११९ घरांनी घेतलं नाही. प्रेमदास म्हणाला, बाई, कागद कोनी पाहतच नाईत. उंबरठ्यावर उभ्या राहतात अन इचारतात, आज कोन्ता वार हाय रे प्रेमदास? मी खोटं कसा बोलू?

त्याला म्हटलं, खोटं बोलू नको, पण बोललंच पाहिजे असंही नाही.

ह्यांनी जेवताना विचारलं, आपलं तेल संपत आलं काय? कालच तर तुम्ही आणलंत म्हटलं. मग बोटांवर काहीतरी मोजलं. मिलमध्ये टाइमकीपर असल्यामुळे ह्यांना गप्प राहून हिशेब मांडायची सवय आहे.

२९ ऑगस्ट, शनिवार

११८. एक घर वळलं. नंतर कळलं, तिथे पाहुणे आले होते आणि तेल संपलं होतं.

दिवसभर डोकं दुखलं. सीताबाईंनी विचारलं, कसं चाललंय. प्रगती आहे म्हटलं. टेबलाशी बसून दाराकडे पाहत होते. आता बायका दुकानात येत नाहीत. त्यामुळे माझ्यासमोरून जातही नाहीत.

पुढचे दोन महिने शुक्रवारी दिवसभर वर्ध्याला थांबून पंचिंगवर जातीने लक्ष ठेवायचं ठरवलं. दुकान मनकर्णाबाई बघतील. तसंही तिथे बघण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

५ सप्टेंबर, शनिवार

तेलाची एकही तक्रार नाही. मिठाची नाही. झाडूवाल्या घरचीसुद्धा नाही. प्रेमदास दोनच्या आत गाडी रिकामी करून परत. १४० याद्यांवर १४० पोचल्याच्या सह्या.

दोनदा मोजल्या.

समाज एका महिन्यात बदलत नाही असं म्हणतात. ज्यांनी प्रयत्न केला नाही ते म्हणतात.

१२ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा १४०. बायका फॉर्म भरायलाही शिकल्या असाव्यात, कारण चुकीचा माल कुठेच गेला नाही. माझ्यासमोरच्या यादीत मात्र एका घराला ११२ उदबत्तीचे पुडे दिसतात. गेले दोनच, आणि घर खूश आहे. यावरून मशीनमध्येच काही दुरुस्तीची सोय असावी असं दिसतं. वासुदेवरावांना विचारलं. म्हणाले, नाही. त्यांना स्वतःच्या मशीनची पूर्ण कल्पना नाही.

मनकर्णाबाईंचे पाय सुजले आहेत. दिवसभर काउंटरवर बसून पाय सुजतात, हालचाल हवी, असं सांगितलं. प्रेमदास मधेच खोकला.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

आज वर्ध्याहून एक गाडी आधी आले. दुकान बंद. मनकर्णाबाई साडेपाचला आल्या, घामाघूम. कुठे होतात विचारलं. म्हणाल्या, इकडंच. पिंप अर्ध्याच्या खाली दिसलं. सकाळी भरलेलं होतं. गळती असावी. उद्याच तोटी बदलायला सांगते.

शुक्रवारचं दुकान बंद ठेवल्याबद्दल त्यांना बोलायला हवं होतं. पण आता थोडेच दिवस. बोलले नाही. माझा स्वभावच तसा आहे.

२० सप्टेंबर, रविवार

दिवसभर समितीसाठी अहवाल लिहिला. सहा पानं. शेवटचं वाक्य: 'वरील पद्धती आता कोणत्याही एका व्यक्तीच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिलेली नाही.'

हे वाक्य लिहिताना हात थोडा थांबला. मग चहा केला आणि पूर्ण केलं.

२८ सप्टेंबर, सोमवार

समितीची बैठक. अहवाल वाचला. टाळ्या. एकमताने ठराव: काउंटरचं पद ३० तारखेपासून रद्द.

मनकर्णाबाईंना मी सांगावं असं ठरलं. आधीच दोन दिवस विचार करून चांगली वाक्यं तयार केली होती. त्या डाळ निवडत होत्या. मी सुरुवात केली की काळ बदलतो आहे. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, कवापासून?

परवापासून म्हटलं.

म्हणाल्या, बरं. मग सूप झाडलं, डाळ डब्यात भरली आणि झाकणावर चिठ्ठी लावली. थोड्या वेळाने म्हणाल्या, लहान्या घराचं मीठ बारीक पायजेत, जाडं त्याइले चालत नाई. लिवून ठेवजा. लिहून ठेवलं. कोणतं लहान घर ते विचारायचं राहिलं.

निरोप समारंभ नको म्हणाल्या. साडी घेतली नाही. म्हणाल्या, पोरीच्या टायमाले पाहू.

३ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी ११. याद्या हातात. आजपासून माल मीच भरणार. प्रत्येक यादी अक्षरशः पाळायची. ११२ म्हणजे ११२.

दुपारी ४. पहिली खेप परत. तेल नाही घेतलं. मीठ नाही घेतलं. उदबत्तीचे ११२ पुडे परत. झाडू परत. कमलाच्या घरी साखरेच्या जागी सोडा गेला, सात किलो. कमला प्रेमदासला म्हणाली, तुमच्या मशीनले सांग, आमचं धोबीघर नाई.

संध्याकाळी ६. दुसरी खेप तशीच. प्रेमदासने गाडी लावली आणि पायरीवर बसला. मी विचारलं, महिनाभर सगळं नीट चाललं होतं, मग आजच काय झालं.

तो म्हणाला, बाई, तुमाले खरंच मालूम नाई?

मग त्याने सांगितलं. शुक्रवारी मी वर्ध्याला गेले की मनकर्णाबाई दुकानाला कुलूप लावायच्या आणि पिंप गाडीवर चढवून त्याच्यासोबत घरोघरी फिरायच्या. तेल-मीठ शुक्रवारीच उंबरठ्याच्या आत. कोणाचं किती, सगळं तोंडपाठ. शनिवारी मी आणलेल्या याद्या घेऊन बाकीचा माल त्या आपल्या मनाने भरायच्या आणि प्रत्येक यादीवर पोचल्याची सही आणवायच्या. म्हणायच्या, ताईची मेहनत हाय, वाया जाऊ नये.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

प्रेमदास म्हणाला, मनकर्णाकाकूनं तं तुमाले आधीच इचारलं होतं. तुमी नाई म्हनलं.

रात्री जेवायला बसलो. ह्यांनी विचारलं नाही, तरी मी सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, उद्या जाऊन बोलाव तिला. एवढंच.

४ ऑक्टोबर, रविवार

गेले नाही. आधी समितीकडून पद परत मिळवायचं आणि मग सन्मानाने बोलवायचं, हे जास्त योग्य. पद्धतीने केलेलं बरं.

खरं म्हणजे पाय उचलला नाही. हेही इथे लिहून ठेवते. वाचणारी मीच आहे.

५ ऑक्टोबर, सोमवार

सीताबाईंकडे अर्ज घेऊन गेले. काउंटरचं पद पुन्हा सुरू करावं.

त्यांनी कपाटातून माझा अहवाल काढला. सहावं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, हे तूच लिहिलंस ना विमल? तालुक्याच्या ऑफिसला कॉपी गेली. त्यांचं कौतुकाचं पत्र आलं. आता आठ दिवसांत मी त्यांना काय कळवू?

मी म्हटलं, अहवालात थोडी चूक आहे.

म्हणाल्या, किती थोडी?

मी म्हटलं, माझा पगार कमी करा. त्या म्हणाल्या, वेडी आहेस का, मग मशीन कोण बघणार. पुढच्या मार्चमध्ये विषय घेऊ, म्हणाल्या. उठताना कौतुकाचं पत्र हातात दिलं. त्यातही विमलबाबूच आहे.

७ ऑक्टोबर, बुधवार

फॉर्म आले बावन्न. त्यांपैकी चाळीसवर 'मागच्यासारखं'. मागचं म्हणजे कोणतं मागचं, हे आता कोणाला विचारायचं.

निर्णय घेतला. परवा शुक्रवारी वर्ध्याला जायचं नाही. तेल-मीठ मी स्वतः घरोघरी पोचवणार. मनकर्णाबाईंना येतं तर मला का येणार नाही. त्यांना चौदा वर्षं लागली हे खरं, पण मी सर्टिफिकेटवाली आहे.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सातला प्रेमदासच्या गाडीसोबत निघाले. साडी वर खोचली. पहिल्या घरी म्हातारीने दार उघडलं, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि विचारलं, मनकर्णाबाई नाई आली?

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी म्हणाल्या, तब्येत बरी नाई का तिची? मी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं, किती द्यायचं? बायका म्हणतात, नेहमीचं. मी विचारते, नेहमीचं म्हणजे किती? त्यांनाही सांगता येत नाही. कधी सांगावंच लागलं नाही ना. एक जण डबा घेऊन आली आणि बोटाने डब्यावर खूण दाखवली, इथपर्यंत. त्या खुणेकडे आम्ही दोघींनी बराच वेळ पाहिलं.

माप सरळ धरता येत नाही. बरंच सांडलं. प्रेमदास म्हणाला, बाई, पिंप वाकवू नका, तोटी धरा. तोटी नवीन आहे, मीच बदलवली.

लहान घर कोणतं ते कळलं. आडनाव मोठे आहे, पण थोरले भाऊ पुढच्या गल्लीत राहतात, म्हणून धाकट्यांच्या या घराला सगळे लहान घर म्हणतात. जाडं मीठ दिलं होतं. परत घेतलं.

साडेपाचला मनकर्णाबाईंचं घर लागलं. त्याही सभासद आहेत हे माझ्या ध्यानात नव्हतं. इतके दिवस आपला माल त्या दुकानातूनच घेऊन जायच्या.

दारात गुलाबी फॉर्म घेऊन उभ्या होत्या. पूर्ण भरलेला. कोड बरोबर, किलो बरोबर, तारीख, सही. इतक्या आठवड्यांत माझ्या हाती आलेला पहिलाच बिनचूक फॉर्म. मी म्हटलं, तुम्हाला हे येतं?

म्हणाल्या, तुमीच तं फळ्यावर शिकवलं, ताई. मी तिथंच होती.

मी सांगितलं की मार्चमध्ये समितीपुढे विषय आहे. अर्ज दिला आहे. माझा पगारसुद्धा... त्या म्हणाल्या, बरं. सुपारी फोडाले जातो सध्या, म्हणाल्या, दुपारपर्यंत. आतून मुलीने डबा आणून दिला. मी दोन किलो तेल मोजलं. त्यांनी माझ्या हाताखाली आपला हात धरला आणि माप सरळ केलं. थेंब सांडला नाही.

मी थोडी थांबले. त्यांनी चहाला विचारलं नाही.

दिवे लागले तेव्हा एकसष्ट घरं राहिली होती. प्रेमदासने विचारलं, बाकीचं उद्या टाकू का, बाई. मी हो म्हणणार होते. उद्या शनिवार.